खातो दोघं सारखंच, मग त्यांचं पोट आणि माझ्या मांड्या का?

पत्र असं आहे:

"मॅडम, आम्ही सातारला गोडोलीत राहतो. मी 43, मिस्टर 46. दिवाळीनंतर मिस्टरांनी मोबाईलवर व्हिडिओ बघून तुपाचा डाएट चालू केला, भाकरी बंद, भात बंद, सकाळी चहात तूप, मग पनीर, शेंगदाणे, साय, आठवड्यातून तीनदा मटण. वेगळा स्वयंपाक कोण करणार म्हणून मीपण तेच खाते. दोघांना मिळून महिन्याला 3 किलो तूप लागतंय. गोड म्हणाल तर पाहुण्यांनी आणलेले पेढे आणि उपवासाची खिचडी एवढंच. आठ महिन्यांत माझं वजन 58 चं 64 झालं आणि त्यांचं 68 चं 73. मी ब्लाउज शिवते त्यामुळं टेप घरातच आहे, माझी कंबर 30 ची 31 झाली पण सीट साडेअडतीसची 41 झाली, जुन्या सलवारी मांडीत अडकतात. त्यांची सीट आहे तेवढीच, साडेसदतीस, कंबर मात्र 35 ची 38. ते म्हणतात तुझं सहा वाढलं माझं पाचच, म्हणजे डाएट मला मानवतोय, दोष तुझ्यात आहे. सासूबाई म्हणतात मुलं बंद व्हायचं ऑपरेशन केलं तेव्हापासून हिचं अंग सुटलं. जाऊबाईंची पिशवी काढल्यापासून त्यांचं पोट वाढलं, माझी पाळी पण आता मागंपुढं होतीय, मला तसंच होईल का याची भीती वाटते. भाचा बी फार्मसीला आहे, तो म्हणाला उंदरांना चरबीचं खाणं दिलं की नर जाड होतात, माद्या होत नाहीत. मग माझं असं कसं झालं? माझी उंची 155, त्यांची 170. मी चोरून काही खात नाही हो."

ताई, तुमचं ते शेवटचं वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं. तुम्ही चोरून काही खात नाही हे मला टेपच्या आकड्यांवरूनच दिसतंय, ते कुणाला पटवून द्यायची गरज नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना डोक्यावरचं ओझं जरा हलकं होईल, तुमच्या पत्रातला जो आकडा बघून मी खुर्चीत सरळ बसले तो तुमचे सहा किलो नव्हते, तुमच्या मिस्टरांची 38 ची कंबर होती. दोष तुमच्यात नाही, आणि डाएट त्यांना मानवलेला तर अजिबात नाही.

आता नीट सांगते, थोडं लांबेल.

बाईच्या आणि पुरुषाच्या अंगात चरबी ठेवायच्या जागाच वेगळ्या असतात. वयात येईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्यात फार मोठा फरक नसतो, पाळी सुरू व्हायच्या आसपास इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन वाढायला लागतं आणि मुलीच्या कमरेखाली, सीटवर, मांड्यांवर कातडीखाली चरबी भरायला लागते. हे बिघडलेलं शरीर नाही, असंच असायचंय. शरीर चालायला कमीत कमी लागणारी चरबी पुरुषाला साधारण 3 टक्के धरतात आणि बाईला 12 टक्के, कारण पोटात बाळ वाढवायचं आणि नंतर त्याला अंगावर पाजायचं यासाठी लागणारा साठा शरीर आधीच करून ठेवतं. म्हणून मांडीवरची चरबी लवकर हलत नाही, तिथल्या पेशींवर चरबी बाहेर सोडायला ब्रेक लावणारी यंत्रणा पोटापेक्षा जास्त असते, आणि बाळंतपणानंतर पाजताना मात्र तीच चरबी वापरायला काढली जाते. तुम्ही शिवण करता म्हणजे हे रोज बघत असणार, एकाच वयाच्या, एकाच कंबरेच्या दोन बायकांची सीट दोन-दोन इंचानं वेगळी येते, पण पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्याला विचारा, त्यांच्यात वयानुसार वाढते ती बहुतेक कंबरच.

पुरुषांची चरबी जास्त करून पोटाच्या आत जाते. बोटात धरून चिमटा येतो ती कातडीखालची वेगळी, ही आतली, आतड्यांच्या भोवती साठणारी, बाहेरून हात लावला तर पोट टणक लागतं. या आतल्या चरबीतून सुटणारे फॅटी ॲसिड रक्तात जातात ते थेट लिव्हरला जाणाऱ्या शिरेत, मग लिव्हरवर चरबी बसते, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढते, इन्सुलिन नीट काम करेनासं होतं आणि पुढं शुगर, बीपी, हार्ट हे सगळं मागोमाग येतं. मांडीवरची चरबी असली कामं फारशी करत नाही, उलट जेवणातून रक्तात आलेली चरबी ती उचलून बाजूला ठेवून देते, लिव्हरपर्यंत जाऊ देत नाही. आणि ती वाढते कशी तेही वेगळं आहे, जास्त खाल्लं की मांडीच्या भागात नवीन लहान लहान चरबीपेशी तयार होतात आणि पोटावर आहेत त्याच पेशी फुगत जातात, आणि फुगलेली पेशी लवकर बिघडते. 1947 साली फ्रान्सच्या मार्सेय शहरातल्या जाँ व्हाग नावाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा हे मांडलं की माणूस किती जाड आहे यापेक्षा चरबी कुठं आहे यावर आजार ठरतात, वरच्या अंगाची पुरुषी ठेवण आणि खालच्या अंगाची बायकी ठेवण असे दोन प्रकार त्यांनी केले. त्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली तरी आपल्या घरात अजून काट्यावरचा आकडाच चालतो याची मला खरंच हळहळ वाटते, कारण काटा सगळं एकात मिसळून दाखवतो.

आता तुमच्याच टेपनं बघू. आपल्याकडच्या लोकांसाठी कमरेची जी मर्यादा धरतात ती बाईला 80 सेंटिमीटर आणि पुरुषाला 90, म्हणजे तुमच्या टेपवर साधारण साडेएकतीस आणि साडेपस्तीस इंच. तुम्ही 31 ला आहात, काठावर पण आत. ते 38 ला आहेत, अडीच इंच बाहेर. कंबर भागिले सीट केलं तर तुमचं 0.76 येतं, बाईसाठी 0.85 च्या खाली चांगलं, त्यांचं 1 च्या जरा वर येतं आणि पुरुषासाठी 0.90 च्या वर गेलं की काळजीचं. पण तुम्हाला खूश करायला मी एकच बाजू सांगणार नाही, कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी असा एक साधा नियम आहे, त्यानं तुम्ही पण अर्धा इंच जास्त आहात, आणि उंचीच्या मानानं 64 किलो म्हणजे बीएमआय साडेसव्वीसच्या पुढं जातो, आपल्याकडं 23 च्या वर वजन जास्त आणि 25 च्या वर स्थूल धरतात. म्हणजे तुम्हालाही कमी करायचंच आहे, फक्त घाबरून नाही आणि अपराध्यासारखं तर नाहीच. माप घेताना नाभीवर टेप लावू नका हं, ब्लाउजच्या कमरेचं माप पण नको, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, टेप न आवळता. मिस्टर माप देताना पोट आत घेतात, सगळेच पुरुष घेतात, त्यांना बोलायला लावायचं आणि मग बघायचं.

हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढं, त्यामुळं "मी कुठं जाड आहे" असं मिस्टर म्हणत असतील तर त्यांना पुण्याची एक गोष्ट सांगा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 साली लॅन्सेट या नियतकालिकात आपलाच फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3, पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दिसायला दोघं सडपातळच. आपली माणसं बारीक दिसून आतून चरबीची असतात हे याज्ञिकांनी अख्ख्या जगाला दाखवून दिलंय, तेव्हा आपल्या माणसानं 73 किलो म्हणजे काय जास्त असं म्हणून चालत नाही.

मग तुमचं वजन त्यांच्यापेक्षा किलोभर जास्त का वाढलं, जेवण तर तेच. अहो पण तेच जेवण दोघांना सारखं नसतंच ना. बाईचं शरीर लहान, त्यात स्नायू कमी, स्नायू बसल्याजागी पण इंधन जाळतात, त्यामुळं नुसतं पडून राहिलं तरी पुरुषाचं शरीर जास्त खर्च करतं. यासाठी आम्ही जे सूत्र वापरतो त्यात वय, उंची, वजन अगदी सारखं असलं तरी बाईचा दिवसाचा खर्च 166 कॅलरीनं कमी धरतात. तुमची दोघांची उंची-वजनं घालून मी हिशोब केला, आरामातला खर्च तुमचा दिवसाला साधारण 1230 कॅलरी येतो आणि त्यांचा 1570 च्या आसपास. म्हणजे 335 चा फरक, जवळजवळ तीन मोठे चमचे तूप. एका ताटात दोघांना सारखं वाढलं की त्यातलं काही तुमच्या अंगावर राहणार, यात चोरून खायचा प्रश्न कुठं आला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला 2110 कॅलरी सांगते आणि बाईला 1660, तिथं पण साडेचारशेचा फरक आहेच.

सहा किलो हा आकडा मोठा वाटतो पण आठ महिन्यांत तो वाटून बघा. एक किलो चरबी म्हणजे मोटामोटी 7700 कॅलरी धरतात, सहाचे झाले 46 हजार, भागिले 240 दिवस, म्हणजे रोजचे 190 जास्तीचे. दीड मोठा चमचा तूप. एवढंच. एवढ्यासाठी घरात कुणी कुणाला दोष देत बसू नये.

आता तुपाचं. मी तुपाच्या विरोधात नाही, गरम भाकरीवर एक छोटा चमचा तूप घालून खाणाऱ्याला मी कधीच आडवत नाही. पण 3 किलो तूप, दोघं, 30 दिवस, म्हणजे माणशी रोज 50 ग्रॅम, म्हणजे 450 कॅलरी नुसत्या तुपाच्या, आणि हैदराबादच्या त्याच संस्थेनं बैठ्या कामाच्या माणसाला सगळं वरचं तेल-तूप मिळून दिवसाला पुरुषाला 25 ग्रॅम आणि बाईला 20 ग्रॅम सांगितलंय. त्यावर तुमचे शेंगदाणे, ज्यात निम्मं वजन तेलाचंच असतं, त्यावर म्हशीच्या दुधाची साय, पनीर, मटणाची तर्री. चरबीची अडचण अशी आहे की एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी, भाकरी किंवा डाळीतल्या पिठूळपणात आणि प्रोटीनमध्ये 4, आणि खाल्लेली चरबी अंगावर साठवायला शरीराला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. प्रोटीन पचवताना त्यातली पाचवा हिस्सा कॅलरी तर पचवण्यातच जाते, तुपाचं तसं नाही, ते सरळ कोठारात.

व्हिडिओतल्या लोकांचं वजन कमी झालं असेल, मी खोटं म्हणत नाही. भाकरी, भात, साखर पूर्ण बंद केली की भूक मरते, माणूस एकूण कमी खातो आणि सुरुवातीला पाणी पण जातं. पण मग त्यात मध्येच पेढे, मध्येच साबुदाण्याची खिचडी असं बसत नाही. आपल्या सातारला पाहुणा आला की कंदी पेढ्याचा बॉक्स येणारच आणि समोर आला की एकावर थांबणार कोण. तूप पण जोरात आणि साखर-साबुदाणा पण चालू, हे मिश्रण चरबी साठवायला सगळ्यात सोयीचं, पेढ्यानं इन्सुलिन वर जातं आणि इन्सुलिन वर असलं की शरीर साठवण्याच्या कामाला लागतं, रक्तात त्या वेळी तूप तयारच असतं. तुम्ही दोघं डाएट करत नव्हता ताई, तुम्ही नेहमीच्या जेवणातली भाकरी काढून तिच्या जागी तूप ठेवलं होतं.

भाच्याचं बोलणं. पोरगं बरोबर सांगतंय, शाबासकी द्या त्याला, फक्त अर्धं सांगतंय. प्रयोगशाळेत ब्लॅक सिक्स नावाची काळी उंदरं फार वापरतात, त्यांना 60 टक्के कॅलरी चरबीतून मिळतील असं खाणं दिलं की नर भराभर फुगतात, त्यांची शुगर बिघडते, आणि त्याच वयाच्या तरुण माद्या तेच खाऊन बऱ्याच हळू वाढतात आणि त्यांचं इन्सुलिन बराच काळ नीट चालतं. मग लोकांनी माद्यांची अंडाशयं काढून बघितली, तर त्या पण नरांसारख्या वाढायला लागल्या, आणि त्यांना बाहेरून इस्ट्रोजेन दिलं की पुन्हा आवरल्या. इस्ट्रोजेन मेंदूतल्या भुकेच्या जागेवर पण काम करतं आणि चरबीच्या पेशींवर पण, म्हणून ते कवच होतं असं म्हणता येतं. नंतर आणखी एक गोष्ट कळली, हार्मोन बाजूला ठेवले, नरांची वृषणं आणि माद्यांची अंडाशयं काढून टाकली, तरी ज्या उंदरांत मादीत असतात तसे दोन एक्स क्रोमोसोम होते ती जास्त जाड झाली. म्हणजे बाईच्या शरीरात चरबी आवरणारी पण गोष्ट आहे आणि वाढवणारी पण, दोन्ही एकाच अंगात. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याला एक काहीतरी सोपं उत्तर पाहिजे असतं आणि शरीर तसं देत नाही.

आणि उंदराची गोष्ट माणसाला तशीच लावता येत नाही. एक तर त्या माद्या तरुण असतात, 43 वर्षांच्या बाईएवढ्या वयाच्या नसतात. दुसरं, प्रयोगशाळेत 20-22 डिग्रीला ठेवतात, आपल्याला ते बरं वाटतं पण उंदराला ती थंडी असते, त्याला 30 च्या आसपास बरं वाटतं, त्यामुळं बिचारी अंग गरम ठेवण्यातच निम्मं खाणं जाळून टाकतात, उबेत ठेवलं की त्याच माद्या पण चांगल्या वाढतात. तिसरं, उंदरीला दोन पोरांच्या शाळेचे डबे, सासूबाईंचं पथ्य आणि गिऱ्हाइकाचे ब्लाउज नसतात. आणि एक मुळातली गोष्ट, कितीतरी वर्षं असले प्रयोग बहुतेक नरांवरच व्हायचे, मादीचे हार्मोन वरखाली होतात, हिशोब किचकट होतो म्हणून तिला घ्यायचेच नाहीत. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं 2016 पासून सांगितलं की आमच्या पैशातून संशोधन करायचं तर नर-मादी हा विचार करावाच लागेल. म्हणजे बाईच्या शरीराचं पुरुषाच्या शरीरावरून ठरवायची सवय तुमच्या घरातच नाही, शास्त्रज्ञांना पण होती. माणसांत बघाल तर बायकांत स्थूलपणा जगभर पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि आपल्याकडं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या दर दहा बायकांमागं चौघींची कंबर मर्यादेच्या बाहेर निघाली. कवच आहे पण ते काही चिलखत नाही.

सासूबाईंना दुखवू नका, पण त्यांचं म्हणणं खरं नाही. मुलं बंद व्हायच्या ऑपरेशनमध्ये फक्त नळ्या बंद करतात, अंडाशयं जागेवर, पाळी चालू, इस्ट्रोजेन तेवढंच. वजन वाढतं ते त्या ऑपरेशनच्या आसपास दोन बाळंतपणं झालेली असतात, डिंकाचे लाडू झालेले असतात, झोप गेलेली असते आणि वय तिशीकडं झुकलेलं असतं म्हणून. ऑपरेशनला नाव ठेवलं की बाकीच्या गोष्टींकडं कुणी बघतच नाही, माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी जणी दहा-दहा वर्षं तेच धरून बसलेल्या असतात.

जाऊबाईंचं मात्र वेगळं असू शकतं आणि तिथं मला खरी काळजी वाटतीय. नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली असतील तर इस्ट्रोजेन चालू राहतं, पण दोन्ही अंडाशयं पण काढली असतील तर त्या दिवशी शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं, पाळी जायला जी चार-पाच वर्षं हळूहळू लागतात ते एका रात्रीत होतं. चरबी मांडीवरून पोटाकडं वळते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, हार्टचा धोका वाढतो. उंदरांच्या प्रयोगातलं कुणाला लागू पडत असेल तर ते असल्या बायकांना. त्यांना म्हणावं डिस्चार्जचा कागद शोधा, त्यावर ओव्हरी काढल्या का ते लिहिलेलं असतं, आणि काढल्या असतील आणि वय पंचेचाळीसच्या आत असेल तर स्त्रीरोग डॉक्टरांना भेटून हार्मोनच्या गोळ्या द्यायच्या का ते विचारा. पिशवी काढताना हे समजावून सांगतच नाहीत बायकांना, कागदावर सही घेतात आणि संपलं, मला याचा फार राग येतो.

तुमची पाळी मागंपुढं होतीय म्हणजे तुमची पण ती वाट सुरू झालीय. आपल्याकडं पाळी साधारण 46-47 ला जाते, तेव्हा तुमच्या हातात तीन-चार वर्षं असतील. या काळात इस्ट्रोजेन वरखाली होत होत कमी होतं आणि आत्तापर्यंत जे सीटवर-मांडीवर जायचं ते पोटात जायला लागतं, काट्यावर वजन तेवढंच दिसतं आणि कंबर वाढते. तुमची 30 ची 31 झाली ती कदाचित त्याचीच सुरुवात असेल. म्हणून मी तुम्हाला सीट सोडून कमरेवर लक्ष ठेवा असं सांगतीय, महिन्यातून एकदा, एकाच दिवशी, सकाळी उपाशीपोटी.

आता करायचं काय ते.

पहिलं मिस्टरांना घेऊन डॉक्टरांकडं जा, भांडायला नाही, तपासायला. उपाशीपोटी शुगर, एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड (रक्तातली चरबी), लिव्हरचं एसजीपीटी, बीपी, आणि डॉक्टर म्हणाले तर पोटाची सोनोग्राफी. पैशाची अडचण असली तर 30 वर्षांच्या पुढच्यांची बीपी-शुगर सरकारी आरोग्य केंद्रात मोफत बघतात. तुमची पण शुगर, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन करून घ्या, आपल्या बायका नवऱ्याचा रिपोर्ट काढतात आणि स्वतःचा राहून जातो, तसं करू नका प्लीज.

जेवणात भाकरी परत आणा. ज्वारीची, तुम्हाला दीड-दोन, त्यांना दोन-तीन, काम बघून. चहातलं तूप आजच बंद. महिन्याच्या सुरुवातीला दोघांचं मिळून तेल-तूप काढून वेगळ्या बरणीत ठेवा, सगळं धरून दीड लिटरच्या आत, आणि महिना संपेपर्यंत त्यातच भागवायचं, फोडणीपासून भाकरीवरच्या तुपापर्यंत. दुधाची साय काढून घ्या, ताक करा. तीनदा मटण असेल ते एकदा करा आणि तर्री वरची काढून, बाकी दिवस अंडी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, मूग, आमटी घट्ट. शेंगदाणे मूठभर चालतील पण ते तुपाच्या बदल्यात, तुपाच्या जोडीला वरून नाही. आणि एक मनापासून सांगते, कमी घ्यायचं ते तूप आणि तेल, तुम्ही उसळ, अंडं, भाजी यात हात आखडता घ्यायचा नाही. तुम्हाला दिवसाला 45 ग्रॅम तरी प्रोटीन लागतं, एका अंड्यात 6 मिळतात, म्हणजे किती खायचंय बघा. सगळ्यांना वाढून झाल्यावर भांड्यात उरलेला रस्सा आणि अर्धी भाकरी खाणारी बाई वजनानं वाढते आणि स्नायूनं झिजते, तुम्ही आधी ताट वाढून घ्या, सगळ्यांच्या बरोबर बसा.

दुसरं स्नायूंचं. तुमच्या मशीनला मोटर असेल तर पायाचं काम गेलेलं आहे, दिवसभर बसणं झालंय. गोडोलीत राहता म्हणजे अजिंक्यतारा तुमच्या दारात, सकाळी कितीतरी बायका चढतात, आठवड्यातून चार दिवस जमेल तेवढा चढ चढा, पहिल्या महिन्यात अर्ध्यातून परत आलात तरी चालेल, गुडघे दुखत असतील तर सपाट रस्त्यावर. आणि घरात दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, दहा-पंधरा मिनिटं. चालण्यानं चरबी जळते पण पाळी गेल्यावर जे स्नायू झिजतात ते वजन उचलल्यानंच टिकतात. त्यांना पण घेऊन जा.

एक आधीच सांगून ठेवते कारण नंतर तुम्ही निराश व्हाल. दोघांनी एकदम सुरू केलं की पहिल्या दोन महिन्यांत त्यांचं पोट झटकन उतरणार, पोटातली ती आतली चरबी जशी पटकन बसते तशी पटकन सुटते पण, आणि तुमच्या मांड्या तेवढ्याच दिसणार. मग घरात परत तेच, बघ माझं कमी झालं तुझं नाही. माझ्याकडं जोडप्यानं आलेल्या बहुतेकांचं हेच होतं आणि बायको तिसऱ्या महिन्यात सोडून देते. तुम्ही सोडू नका. तुमचं महिन्याला किलो-दीड किलो कमी झालं तरी चांगलं, आधी चेहरा आणि कंबर हलेल, मांडी सगळ्यात शेवटी, आणि थोडी राहिली तरी राहू दे, त्या मांडीनं तुमचं काही वाईट केलेलं नाही.

सलवारी उसवून ठेवा तोपर्यंत, शिलाई तुमच्याच हातातली आहे. दोघांच्या कमरेची मापं वहीत तारीख घालून लिहा, मिस्टरांचे रिपोर्ट आले की आणि जाऊबाईंचा कागद सापडला की मला कळवा.